मॉन्ट्रियलला निघालेल्या पॅरिसच्या पोरीला

प्रिय पोरी,

कॅनडात दोन वर्षं काम करायच्या परवान्याचं मंजुरीपत्र हातात आलं, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. तिला तुझी काही चिंता वाटत नाही. पोरगी जन्मापासून पॅरिसची, शाळा-कॉलेज सगळं फ्रेंचमधून, आणि जातेय तेही फ्रेंच बोलणाऱ्या शहरात, मग काय अडणार! मला नेमकी त्याचीच काळजी वाटते. टोरंटोला गेली असतीस तर परक्या मुलखात आलोय हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. मॉन्ट्रियलमध्ये ते कळायला वेळ लागतो, आणि तोवर चार माणसं दुखावलेली असतात.

इथे नव्याने आलेल्या मुलांना मी वर्षानुवर्षं बघतेय. आपल्याकडची मुलं थंडीने हैराण होतात आणि मग रुळतात. फ्रान्सहून आलेली पोरं सुरुवातीला खुशीत असतात, मग काही महिन्यांनी हिरमुसतात. लोक तोंडावर गोड बोलतात पण घरी कुणी बोलवत नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार. त्यामागचं कारण तुला आधीच कळावं असं फार वाटतं.

आलीस की चौकातली लाल अष्टकोनी पाटी बघ. फ्रान्समध्ये तिच्यावर इंग्रजी ‘स्टॉप’ असतं, इथे फ्रेंच ‘आरे’, म्हणजे ‘थांबा’. 1763 च्या पॅरिस करारात फ्रान्सने हा मुलूख इंग्रजांना देऊन टाकला. मागे राहिलेल्यांनी ही भाषा स्वतःच्या जिवावर टिकवली. 1960 च्या दशकापर्यंत मॉन्ट्रियलच्या बड्या कंपन्यांत वरच्या खुर्च्यांवर बहुतेक इंग्रजी बोलणारेच असत, फ्रेंच बोलणाऱ्याला बढतीसाठी इंग्रजी लागे. 1977 च्या भाषा कायद्याने ते चित्र पालटायला सुरुवात झाली. तो काळ अंगावर काढलेल्या बाईला पॅरिसहून आलेली मुलगी हसत म्हणाली, “अय्या, तुमचा उच्चार किती गमतीशीर!” तर तिला काय वाटेल? माझी आई अमरावतीची. पुण्यात कुणी “तुमचं वऱ्हाडी किती गोड हो, अजून बोला ना” म्हणालं की तिचा चेहरा उतरायचा. कौतुकच होतं ते, पण वरच्या पायरीवरून केलेलं. तेव्हा इथे कुणाच्या उच्चाराची नक्कल करू नकोस, शब्द सुधारू नकोस, आणि “फ्रान्समध्ये आम्ही असं करतो” हे वाक्य निदान पहिलं वर्षभर ओठांवर येऊ देऊ नकोस. कळलं नाही तर सरळ “पुन्हा सांगता का?” म्हण. त्यात कुणालाच कमीपणा नाही.

ऑफिसात जास्त जपावं लागेल. फ्रेंच शाळेने तुला मुद्दा खोडायला शिकवलंय, आणि तुमच्याकडे दोन तास कडाडून वाद घालून माणसं गालाला गाल लावून घरी जातात. इथे भांडण नकोसं असतं. मीटिंगमध्ये एखाद्याची कल्पना तू सगळ्यांसमोर मुद्देसूद मोडीत काढलीस, तर तो हसून “बघू या” म्हणेल आणि पुढे कित्येक दिवस तुला जेवायला सोबत चल म्हणणार नाही. आधी काय पटलं ते सांग, मग शंका विचार. तू याला दुटप्पीपणा म्हणशील. मला तसं वाटत नाही. हिवाळाभर एकमेकांच्या रुतलेल्या गाड्या ढकलायच्या असतात, त्या लोकांनी एकमेकांना सांभाळून घ्यायची ही रीत आहे. साहेबालाही पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करतील, पण तेवढ्याने दोस्ती झाली असं धरून चालू नकोस. आणि सुट्टीचा हिशेब आत्ताच मनाशी कर. फ्रान्समध्ये पाच आठवडे मिळतात. इथे वर्षभर नोकरी केल्यावर कायद्याने दोनच.

कुणाच्या घरी गेलीस तर दारातच बूट काढ. हिवाळ्यात उंबऱ्याशी रबरी ताट ठेवलेलं असतं, त्यात सगळ्यांचे बूट मिठाचे पांढरे ओघळ घेऊन निथळत असतात, आणि पाहुणे मोज्यांवर वावरतात. तुझ्या पॅरिसच्या मैत्रिणींना हे विचित्र वाटतं, तुला घरच्या वळणामुळे जड जाणार नाही.

घर शोधताना प्लातो या वस्तीच्या मागे लागू नकोस. तिथे फ्रेंच लोक इतके आहेत की दिवस सरतात आणि इथल्या एकाशीही ओळख होत नाही. रोझमाँ किंवा व्हिलरे बघ. बहुतेक भाडेकरार 1 जुलैला बदलतात, त्या दिवशी अख्खं शहर फ्रिज आणि गाद्या वाहत असतं. घराच्या जाहिरातीत ‘साडेतीन’ म्हणजे तीन खोल्या, अर्धी ती न्हाणीघराची. डिपॉझिट मागणं इथे कायद्यात बसत नाही, फक्त पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं. फ्रान्सच्या सवयीने निमूट पैसे काढून देऊ नकोस. दुकानातल्या किमतीवर जवळपास 15 टक्के कर चढतो, हॉटेलात वर टिप.

जाड कोट तिकडून आणू नकोस, पॅरिसचा कोट इथल्या जानेवारीत टिकत नाही. आल्यावर आपण दोघी मिळून घेऊ. आजारपणाचा विमा मात्र पूर्ण दोन वर्षांचा काढ. विमानतळावर अधिकारी तो कागद मागतात, आणि विमा वर्षाचाच असला तर परवानाही वर्षाचाच देऊ शकतात. बँकेतल्या शिलकीचा दाखलाही छापून सोबत ठेव, आणि विमानाची वेळ कळव.

तुझी,
मावशी