‘पिनअप’ला मराठीत काय म्हणायचं?

दादरच्या एका चित्रकार वाचकाने विचारलं आहे: जुन्या अमेरिकी कॅलेंडरांवरच्या पिनअप चित्रांचं छोटंसं प्रदर्शन मांडतोय, फलक मराठीत हवेत. पिनअपला ‘टाचणचित्र’ म्हणावं का? आणि त्या कार्टूनसारख्या गमतीदार शैलीला ‘मादक’ हे विशेषण चालेल का?

टाचणचित्र नको. मोहक तरुणीचं चित्र टाचणीने भिंतीवर लावायचं म्हणून पिनअप, हे बरोबर. पण टाचण म्हटलं की मराठी माणसाला शिक्षकांची पाठ-टाचणाची वही आठवते. मेकअप, चेकअप आपण एका शब्दात लिहितो, तसंच ‘पिनअप’ लिहा. मनात चित्रच असतं, म्हणून नपुंसकलिंगी: ते पिनअप. अनेकवचन ‘पिनअप चित्रं’.

विशेषणाचा प्रश्न मात्र नीट बघण्यासारखा आहे. ‘मादक’मध्ये हसू नाही आणि या चित्रांचा जीवच हसण्यात आहे. अमेरिकी पिनअप चित्रकार जिल एल्व्हग्रेन घ्या. 1940च्या दशकाच्या मध्यापासून पुढे कित्येक वर्षं त्याने ‘ब्राउन अँड बिगलो’ या कॅलेंडर कंपनीसाठी चित्रं केली. त्याचा ठरलेला प्रसंग म्हणजे फजिती: कुत्र्याची दोरी पायांत गुंडाळली जाते, नाहीतर स्कर्ट कशाततरी अडकतो. मोज्यांची वरची कड दिसते. आणि चेहरा? भुवया कपाळात, ओठांचा गोल ‘ओ’, डोळे थेट आपल्यावर. शरीर मॉडेलचे फोटो काढून तैलरंगात नजाकतीने रंगवलेलं, चेहरा मात्र व्यंगचित्रातून उचलून आणल्यासारखा. म्हणूनच सरसकट ‘व्यंगचित्र’ही म्हणवत नाही. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं ठिपक्यांच्या झग्यातलं पात्र, मिस फोन्सेका, आठवा. तिथे आख्खी बाईच अतिशयोक्तीच्या रेषेतून उभी राहते, ते बिनधास्त व्यंगचित्र. एल्व्हग्रेनकडे व्यंग आहे ते प्रसंगात आणि चेहऱ्यावरच्या भावात.

माझ्या मते इथे ‘चावट’च हवा. हा फार गुणी शब्द आहे आणि आपण त्याला उगाच घाबरतो. चावटपणा सूचनेवर जगतो. सगळं उघड सांगितलं की तो संपला. ‘चल, चावट कुठला!’ म्हणणारीच्या आवाजात रागाबरोबर हसूही असतं. ‘वात्रट’ जवळचा वाटतो, पण त्यात शृंगार असेलच असं नाही, शाळकरी पोरगाही वात्रट असतो. ‘मिश्किल’ नजरेला आणि हसण्याला शोभतो, ‘अवखळ’ त्या मुलीला. चित्र चावट, नजर मिश्किल, मुलगी अवखळ, अशी वाटणी केलीत तर फलक वाचायला गोड होतील. ‘आंबटशौकीन’ हा शब्द चित्राला लावू नका, तो बघणाऱ्याचा आहे.

आणि आपल्याकडे या जातीचं काही नव्हतंच असं समजू नका. मुंबईत 1951 साली मधुकर पाटकरांनी ‘आवाज’ सुरू केला. त्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं घराघरांत पोचली. पानाला चौकोन कापलेला, त्यातून दिसणारी गोलाई बघून मन भलतीकडे धावतं; पान उलटावं तर एखाद्या काकांचं तुळतुळीत टक्कल! चावटपणा चित्रात नसतो, बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो, आणि पान उलटताच त्याचीच फजिती होते. एल्व्हग्रेनची मुलगी स्वतः फजित होते, इथे वाचक. फरक मोठा आहे, म्हणून पिनअपला ‘खिडकीचित्र’ म्हणता येणार नाही. पण मुंबईकर प्रेक्षकाला ओळख पटवायला एका फलकावर त्याचा उल्लेख जरूर करा.

मुख्य फलकावर मी असं लिहीन: ‘चावट आणि मिश्किल: अमेरिकी कॅलेंडरांवरची पिनअप चित्रं’. ‘कार्टूनी शैली’ऐवजी ‘व्यंगचित्राच्या वळणाची’ म्हणा, वाचताना अडखळायला होत नाही.