वडिलांना व्हॅस्क्युलायटिस आहे, दोन आठवड्यांत क्रिएटिनिन १.३ वरून ३.८ झालं. आता डायलिसिस कायमचंच का?

कायमचंच, असं आज कुणीच सांगू शकत नाही. पण क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून बाहेर टाकतं तो कचरा, या वेगाने वाढणं धोक्याचं आहे, त्यामुळे पुढच्या ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका. आजच नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना गाठा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात किंवा नायर रुग्णालयात हा विभाग आहे.

व्हॅस्क्युलायटिस म्हणजे रक्तवाहिन्यांची सूज. त्यात मूत्रपिंडातल्या गाळणीच्या बारीक रक्तवाहिन्यांनाच सूज येते. लघवी चहासारखी किंवा फेसाळ होते. कधी रंग अजिबात बदलत नाही, फक्त तपासणीत रक्तपेशी आणि प्रोटीन दिसतं. म्हणून लघवीची साधी रुटीन तपासणी, एएनसीए (या आजारासाठीची रक्ततपासणी) आणि शक्य असेल तर बायॉप्सी. गाळणी नुसती सुजली आहे की तिथे व्रण धरलाय, हे बायॉप्सीतच कळतं, आणि मूत्रपिंड किती सावरेल हे बरंचसं त्यावर ठरतं. सुजेवर स्टेरॉइड आणि सोबत रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं देतात. डायलिसिस लागलं तरी काहींचं पुढे सुटतं.

मुंबईत पावसाळ्यात एक घोळ होतो. ताप, थुंकीतून रक्त, मूत्रपिंड बिघडलेलं, हे सगळं व्हॅस्क्युलायटिससारखंच लेप्टोमध्येही (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा संसर्ग) दिसतं. वडील साचलेल्या पाण्यातून चालले असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्टेरॉइड सुरू करण्याआधी टीबीची तपासणी हवी का, तेही विचारा. आणि अंगदुखीसाठी कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक अजिबात देऊ नका, मूत्रपिंडावर आणखी ताण येतो.

थुंकीत रक्त किंवा धाप दिसली, तर रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टीत न्या.