तिसऱ्या सिटिंगनंतर पेशंट येईनासे होतात तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडच्या क्लिनिकमध्ये दिवसाला १५-१८ पेशंट, त्यातले निम्मे तिसऱ्या-चौथ्या सिटिंगनंतर फिरकत नाहीत, आणि दोन वर्षांतच फिजिओचं काम नकोसं झालंय.

बर्नआउट (कामाच्या ताणाने आतून रितं होणं) मोजताना तीन गोष्टी बघतात: थकवा, पेशंटबद्दलचा कोरडेपणा आणि 'माझ्या हातून काही होत नाही' ही भावना. तुमच्या लिहिण्यात तिसरी ठळक दिसते. पेशंट का गेला हे कळतच नाही, मग मनाला लागून राहतं.

पहिल्या सिटिंगला मशीन लावायची घाई नको. त्रास विचारा आणि दोन मिनिटं मध्ये बोलू नका. (पेठेतले काका दोन मिनिटांत थांबत नाहीत, मान्य.) मग विचारा, 'दुखणं नसतं तर आज काय केलं असतंत?' 'पर्वती चढायचीय' म्हणाले तर कार्डावर तेच लिहा. गुडघा ९५ अंशांऐवजी १०५ अंश वाकायला लागला याचं आजींना सोयरसुतक नसतं; हात न टेकता खुर्चीतून उठता आलं, हे कळतं.

'गुडघा पार झिजलाय' असं ऐकलेला माणूस चालणंच सोडतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो, हे सांगा.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. 'समजलं का?' विचारलं की 'हो'च येतं. 'घरी कसं कराल, दाखवा बरं' म्हणा. एसएलआर (उताणं झोपून पाय सरळ ठेवून उचलणं) करताना गुडघा वाकतोय, श्वास रोखला जातोय, हे तेव्हाच दिसतं. व्यायाम दोन, फार तर तीन. आठ चित्रांचा कागद फ्रिजवर चिकटतो आणि तिथेच राहतो. गुडघ्याच्या झिजेत व्यायाम करताना १० पैकी ५ पर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं तर चालतं, हे आधीच सांगा. नाहीतर जरा ठणकलं की 'फिजिओने वाढलं' म्हणून येणं बंद. माझ्या मते गळतीचं मोठं कारण हेच. फ्रोजन शोल्डर (आखडलेला खांदा) बरा व्हायला कित्येक महिने लागतात, हेही पहिल्याच दिवशी सांगा. काउंटरवर कुणी दहा सिटिंगच्या पॅकेजमध्ये खांदा मोकळा करून द्यायचं कबूल केलं असेल, तर ते तुम्हालाच निस्तरायचंय.

न आलेल्याला दोन-तीन दिवसांत फोन करा. 'का नाही आलात?' नको, 'गुडघा कसा आहे?' विचारा. कारण वहीत लिहा: दुखणं वाढलं, बरं वाटलं, पैसे, आणायला-सोडायला कुणी नाही. महिनाभराची वही घेऊन मालकांकडे पहिल्या भेटीसाठी ४५ मिनिटं मागा. कमी पगार आणि तासाला चार पेशंट यांवर मात्र गोड बोलण्याचा इलाज नाही. वही बघूनही मालक हलले नाहीत, तर दुसरं क्लिनिक बघा.