मेट्रोजवळचा गाळा आत्ता काढू का थांबू?

प्रश्न : पुण्यात कर्वे रोडला नळ स्टॉपजवळ आमचा स्टेशनरीचा गाळा आहे, वडिलांनी घेतलेला, ग्राउंड फ्लोअरला. एजंट म्हणतो मेट्रोमुळे रेट चढलाय, लगेच विकून टाका. धाकटा भाऊ म्हणतो थांब, डबल होईल. धंदा मात्र उलट कमीच झालाय. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोघंही अर्धंच सांगतायत. मेट्रोची घोषणा झाली की रेट थोडा चढतो, मग बॅरिकेड लागले की गिऱ्हाईक पळतं आणि रेट बसतो, गाडी धावायला लागली की परत उचल खातो. तुमच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, वनाज ते गरवारे कॉलेज गाडी मार्च २०२२ ला सुटली, २०२४ ला ती रामवाडीला पोचली, म्हणजे 'मेट्रो येणार' ह्या बातमीचे पैसे रेटमध्ये केव्हाच धरले गेलेत, भावाला सांगा डबलबिबल विसर.

आता धंदा का बसला? कर्वे रोडचं गिऱ्हाईक टू-व्हीलरवालं, दारात गाडी लावून दोन वह्या घेऊन जाणारं. नळ स्टॉपला तर खाली फ्लायओव्हर आणि वर मेट्रो, त्यात बोर्ड दिसेना, गाडी लावायला जागा नाही, मग तो माणूस कशाला थांबेल! आणि मेट्रोतून उतरणारा ज्या जिन्यानं खाली आला त्याच फुटपाथनं चालत सुटतो, पलीकडच्या दुकानासाठी रस्ता ओलांडत नाही. मंडईचं वेगळं आहे, तिथे लोक आधीपासूनच पायी फिरून खरेदी करतात, सप्टेंबर २०२४ ला भुयारी स्टेशन सुरू झाल्यावर शेजारच्या तुळशीबागेत खरेदीला येणाऱ्याची पार्किंगची कटकटच गेली.

म्हणून एक करा, संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला दुकानाबाहेर उभं राहून बघा, जिन्यावरून उतरलेल्यांपैकी किती जण तुमच्या दारावरून जातात. बरेच जात असतील तर गाळा विकू नका, स्टेशनरी सोडून चहा-नाष्टा किंवा मेडिकलवाल्याला भाड्यानं द्या. दोनचार जणच जात असतील तर एजंटचं ऐकायला हरकत नाही, पण रेट तो सांगतो तो धरू नका, शेजारच्या गाळ्याला खरं भाडं किती मिळतं ते काढा आणि वर्षाचं भाडं मागितलेल्या किमतीच्या किती टक्के पडतं ते बघा. एफडीच्या व्याजापेक्षा बरंच कमी पडत असेल तर ती किंमत नुसत्या आशेवरची आहे, देणारा भेटला तर घेऊन मोकळे व्हा. (माझ्या मते ह्या पट्ट्यात मेट्रोचा खरा फायदा पहिल्या-दुसऱ्या मजल्याला, क्लासवाले, सीए, डेंटिस्ट ह्यांना.)

बिल्डिंग जुनी असेल तर सहीआधी सोसायटीत विचारा. स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत ४ पर्यंत एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम) मिळू शकतो, पण तो प्लॉटचा आकार आणि रस्त्याची रुंदी बघून, वर जादा बांधकामासाठी प्रीमियम भरावा लागतो तो वेगळा. रीडेव्हलपमेंटचं बोलणं चालू असेल तर थांबा. आणि स्टॅम्प ड्यूटीबरोबर किमतीवर लागणारा १ टक्का मेट्रो सेस भरतो विकत घेणारा, पण घासाघीस करताना तो तुमच्याकडूनच कापून मागेल, तेव्हा आकडा सांगताना तेवढी जागा ठेवा.