आतड्याची सूज आणि 'इम्युनिटी'चे डबे

प्रश्न: बायकोला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची जुनाट सूज) आहे, एका ताटात जेवलं तर मलाही होईल का?

नाही. खुशाल जेवा.

प्रश्न: मुलाला क्रोन्स (आतड्याच्या जुनाट सुजेचा आजार) आहे. नातेवाईक म्हणतात प्रतिकारशक्ती कमी पडली, काढा आणि पावडर सुरू करू का?

अहो नका करू, दर आठवड्याला कोणीतरी हेच विचारतं. प्रतिकारशक्ती कमी नाही पडलेली, ती खवळलीय. आतड्याच्या अस्तरात असंख्य टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी असतात, त्यातल्या टी-रेग पेशी बाकीच्यांना आवरून धरतात, की हे अन्न आहे, हे रोजचे जंतू आहेत, गप्प बसा. क्रोन्समध्ये हा लगाम सुटतो, मग टीएनएफ, इंटरल्युकिन-23 अशा सूज भडकवणाऱ्या प्रोटीनचे निरोप सुटतात आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येऊन आपलंच अस्तर खरवडतात. बायोप्सीची काच मायक्रोस्कोपखाली धरली की अस्तराच्या ग्रंथींमध्ये त्यांचे घोळके पूसारखे साचलेले दिसतात, आणि शौचाच्या टेस्टमध्ये जे कॅलप्रोटेक्टिन मोजतो ते मुख्यतः यांच्यातलंच प्रोटीन. या पेशींना अजून कसला बूस्ट द्यायचा?

मागे एक आई स्टीलच्या डब्यात राखाडी पावडर घेऊन आल्या, लेबल नाही, काय घातलंय ते विकणाराही सांगेना आणि त्याच्या शब्दावर पोराची औषधं तीन महिने बंद. अशा पावडरींत कधीकधी चक्क स्टेरॉइड मिसळलेलं निघतं, म्हणून आधी गुण आल्यासारखं वाटतं. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्येच छापल्यात. जे काही चालू असेल ते डॉक्टरांसमोर ठेवा, चालू औषध मात्र मनाने थांबवू नका.

प्रश्न: मला खोकला नाही, तरी आतड्याच्या सुजेवरच्या इन्फ्लिक्सिमॅब इंजेक्शनच्या आधी टीबीच्या टेस्ट कशाला?

टीबीचे जंतू शरीरात गाठी करून कोंडलेले राहतात ते टीएनएफच्या जोरावर, आणि हे इंजेक्शन नेमकं टीएनएफच अडवतं, मग झोपलेला टीबी उठतो. त्यात आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून जवळपास सारखेच दिसतात, भले भले चकतात. रक्ताची टेस्ट आणि छातीचा एक्सरे झाल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नका. वेडोलिझुमॅब हे दुसरं औषध टी-पेशींची आतड्याकडे जायची वाट अडवतं, तुम्हाला कुठलं योग्य ते तुमचे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील.

प्रश्न: सहा महिने एकदम बरा आहे, मेसालामाइन (आतड्याची सूज आवरणारं औषध) बंद करू?

विचारल्याशिवाय नाही.

प्रश्न: चार महिने शौचातून रक्त आणि आव पडतेय, मेडिकलवाल्याने मूळव्याधीचं मलम दिलंय. अजून किती दिवस लावू?

एक दिवसही नाही. रक्तासोबत आव पडत असेल तर नुसती मूळव्याध धरून बसू नका, याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांकडे जा आणि कोलोनोस्कोपीचं (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीचं) विचारा.