वाचकांचे प्रश्न: खिशातलं मल्टिटूल घ्यावं की घरचीच पक्कड बरी?

प्रश्न: काका नमस्कार, मी खानापूरचा. आम्ही चार-पाच पोरं सुट्टी मिळाली की बाईक काढून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असं फिरतो, कधी तंबू टाकून मुक्काम पण करतो. ऑनलाइन एक मल्टिटूल बघितलंय, चाकू, पक्कड, करवत, कात्री, ओपनर सगळं एकात, साडेतीन हजार. बाबा म्हणतात घरात पक्कड हाय, पाना हाय, विळा हाय, ते घेऊन जा की, पैसे कशाला घालवतोस. घेऊ काय नको?

उत्तर: बाबा निम्मे बरोबर आहेत बघ. घरच्या पक्कडीचा दांडा लांब असतो, जोर मिळतो, मल्टिटूलची पक्कड तिच्यापुढे काहीच नाही. पण ती घरची पक्कड तू दर वेळी कणकुंबीपर्यंत नेणार काय? एक-दोनदा नेशील, मग ती घरीच राहील आणि नेमकी तेव्हाच क्लचची केबल तुटेल. मल्टिटूल कुठलंच काम एक नंबर करत नाही, पण ते सोबत असतं, पैसे त्याचेच.

आणि घ्यायचं तर पक्कडीसाठी घे, चाकूसाठी नको. टिम लेदरमन नावाचा अमेरिकन 1975 साली जुनी फियाट घेऊन युरोप फिरत होता, गाडी सारखी बिघडायची, स्वस्तातल्या हॉटेलांचे नळ गळायचे, खिशात चाकू होताच पण दर वेळी अडायचं ते पक्कडीवाचून. त्यातून डोक्यात आलेलं हत्यार बाजारात यायला 1983 उजाडलं. म्हणून दुकानात आधी पक्कड बघायची, मिटल्यावर दोन्ही टोकं नीट जुळतात काय, बिजागरी डुलते काय. पाती सतरा आणि पक्कड ढिली असलं काही घेऊ नको.

आपल्या भागात कात्री आणि चिमटा पण लई उपयोगाचे. दोडामार्ग, सत्तरीकडं माकडताप येऊन गेलाय, तो पसरतो गोचिडीतून. अंगाला गोचीड चिकटली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरायची आणि सरळ वर हळूहळू ओढायची, चिरडायची नाही, नंतर जागा साबणानं धुवायची, आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेलो होतो हे सांगायचं. मल्टिटूलच्या जाड पक्कडीनं हे काम करू नको, गोचीड फुटते. बऱ्याच मल्टिटूलमध्ये चिमटा नसतोच, मग औषधाच्या दुकानातून वेगळा घे.

आता तोटे. बाईकच्या नटाला पक्कड लावायची नाही, कोपरे खाऊन टाकते, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही फिटरला विचार, शिवीच देईल. तुझ्या गाडीला लागणारे दोन-तीन पाने टूलकिटमध्ये असू देत. स्क्रूड्रायव्हर मुठीच्या मधोमध नसतो, एका कडेला असतो, त्यामुळं खोलवरच्या स्क्रूपर्यंत पोचतच नाही. दांडे उघड्या लोखंडाचे, करंट असलेल्या वायरीला लावलंस तर संपलास. मोठं मॉडेल पाव किलोच्या आसपास भरतं, पँट खाली ओढते. पावसात भिजल्यावर तसंच सॅकमध्ये ठेवलं तर स्टेनलेस असलं तरी गंजतं, घरी आल्यावर उघडून पुसायचं आणि बिजागरीत शिलाई मशीनचं तेल सोडायचं.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे दुकानदार सांगणार नाही. तुम्ही फिरता त्याच पट्ट्यात भीमगड अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत बंदूक, जाळं, फासे यांच्यासोबत चाकू पण आहे, आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. मी ट्रेकर आहे, आंबा कापायला ठेवलाय, असं गार्डशी घोळ घालत बसण्यापेक्षा त्या बाजूला जाताना ते घरी ठेव. करवतीनं फांदी कापून शेकोटी तर तिथं अजिबात नको. बिनपात्याची मल्टिटूल पण मिळतात, तुझं काम तेवढ्यात भागतंय असं मला वाटतं. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानानं जाणार असशील तर हँडबॅगेत ठेवू नको, चेक-इनला टाक, नाहीतर सिक्युरिटीला काढून द्यावं लागेल.

प्रश्न: निपाणीहून एक ताई विचारतात, मुलगा दहावीत आहे, ट्रेकच्या ग्रुपसोबत जातो, मित्राकडं आहे म्हणून हट्ट धरलाय. द्यावं काय?

उत्तर: ताई, द्या, पण कात्रीवालं लहान. चाकू असलेलंच हवं म्हणत असेल तर पातं उघडल्यावर लॉक होणारं घ्या, बिनलॉकचं पातं जोर देताना मागं मिटतं आणि बोटावरच येतं. पहिले काही दिवस घरात तुमच्यासमोर दोरी, पुठ्ठा कापू दे, कापताना पातं अंगापासून लांब जायला पाहिजे एवढी एक सवय लावा. शाळेच्या दप्तरात मात्र ते जाता कामा नये, ट्रेकहून आलं की तुमच्या कपाटात.