चंद्र ओढत नाही, मग भरती कशाने येते?

प्रश्न : सर, मी हर्णैची. आमची मासेमारीची होडी आहे. आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते, असं शाळेत शिकले. आता बी.एस्सी.ला सामान्य सापेक्षता वाचतेय, तर आइन्स्टाइनच्या मते गुरुत्वाकर्षण हे बलच नव्हे! मग समुद्राला ओढतं कोण?
– एक विद्यार्थिनी, हर्णै (ता. दापोली)

उत्तर : आधी आजोबांचं गणित. एकादशीला ११ ची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, तेच या पाऊणपटीत दर तिथीला पाऊण तास म्हणून धरलेलं आहे. हे गणित न्यूटनला चालतं, आइन्स्टाइनलाही चालतं.

‘चंद्र पाणी ओढतो’ हे वाक्य मात्र मला रत्नागिरीत शिकवत होतो तेव्हाही खटकायचं. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळजवळ १८० पट जोराने ओढतो. नुसत्या ओढीने भरती येत असती, तर चंद्राला कोणी विचारलंच नसतं. प्रत्यक्षात भरतीतला सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी! अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत आले की उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीला काटकोनात गेले की भांग, म्हणजे लहान भरती.

याचं कारण असं, की भरती ओढीमुळे नाही, ओढीतल्या फरकामुळे येते. पृथ्वीची चंद्राकडची बाजू मध्यापेक्षा थोडी जास्त ओढली जाते, पलीकडची थोडी कमी. म्हणून पाणी दोन्हीकडे फुगतं आणि दिवसातून दोनदा भरती येते. सूर्य इतका लांब, की पृथ्वीच्या या टोकाला काय आणि त्या टोकाला काय, त्याची ओढ जवळपास सारखीच.

आता आइन्स्टाइनकडे ये. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ भोक पाड, पाणी भर, झाकण उघडं ठेव. धार लागेल. तीच बाटली गच्चीवरून खाली सोड (खाली कोणी नाही ना, ते बघून). पडता पडता धार थांबते! बाटली आणि पाणी बरोबरच पडतायत, पाण्याला बाटलीत वजनच उरलेलं नाही. बर्नच्या पेटंट कचेरीत काम करताना १९०७ मध्ये आइन्स्टाइनला हेच सुचलं : मोकळा पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही. जी ओढ पडू लागताच नाहीशी होते, तिला बल कशाला म्हणायचं?

पण एक गोष्ट पडूनही जात नाही. रत्नदुर्गाच्या कड्यावरून एक मीटर अंतरावर दोन दगड सोडले, तर दोघंही पृथ्वीच्या मध्याकडे निघतात, म्हणून त्यांच्यातलं अंतर किंचित घटतं. १०० मीटर पडताना केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण घटतं. हा उरलेला फरक म्हणजेच अवकाश-काळाची, म्हणजे जागा आणि वेळ मिळून झालेल्या पटाची, वक्रता. आइन्स्टाइनने १९१५ च्या नोव्हेंबरात मांडलेली समीकरणं ही वक्रता वस्तुमान आणि ऊर्जेशी जोडतात. म्हणजे पृथ्वी, पाण्यासकट, मोकळी पडतेच आहे; तुमच्या बंदरात चढतं-उतरतं ते या वक्रतेमुळे. भरतीच्या बाबतीत न्यूटन आणि आइन्स्टाइन या दोघांची आकडेमोड सारखीच येते, म्हणून न्यूटन तिथे पुरतो.

शेजारशेजारी पडणाऱ्या कणांचं पुढे काय होतं, याचं समीकरण १९५५ मध्ये आपले भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरी यांनी दिलं. कण जवळ येत जातात, तर शेवट कुठे? पेनरोझ आणि हॉकिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात कृष्णविवर आणि विश्वाचा आरंभ यांबद्दलचे सिद्धांत मांडले, तेव्हा ते या समीकरणावर उभे होते. हे नाव पाठ्यपुस्तकात ठळक यायला हवं, असं मला फार वाटतं.

कृष्णविवराजवळ हाच फरक इतका वाढतो, की फार जवळ गेलेला तारा ताणला जाऊन फाटतो. आणि हा ताण प्रवासही करतो, त्यालाच गुरुत्वीय लहर म्हणतात. १४ सप्टेंबर २०१५ ला अशा लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो या प्रकल्पाच्या दोन उपकरणांतून असाच एक ताण गेला. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानांची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, शंभर कोटींहून जास्त प्रकाशवर्षं लांब. उपकरणाच्या एकमेकींना काटकोनात असलेल्या, चार किलोमीटर लांबीच्या भुजांत फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान! भुजा आळीपाळीने लांबल्या, आखडल्या. ही भरती-ओहोटीच, फक्त चंद्राशिवायची.

तसंच उपकरण आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारायचं आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली. ते सुरू झालं की लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली, हे आत्तापेक्षा खूप नेमकं सांगता येईल. एम.एस्सी.ला हा विषय घेण्याचा विचार असेल, तर मला जरूर लिही.